म्हसूअण्णांची चिठ्ठी

माझी दाढ दुखत होती तेव्हा म्हसूअण्णांनी मला दातांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली होती. "पत्रवाहक माझ्या निकटच्या परिचयाचे असून त्यांची दाढ दुखत आहे. तरी सहकार्य व्हावे." खाली सही, शिक्का. मी ती डॉक्टरांना दाखवली नाही, पण टाकूनही दिली नाही. दाढ गेली, चिठ्ठी अजून आहे.

मी मूळचा शनिवार पेठेतला, सरकारी तंत्रनिकेतनात गणित शिकवतो. खराडीत फ्लॅट घेतला तो अण्णांच्या हरभऱ्याच्या रानावर उभ्या राहिलेल्या इमारतीत. शेजारीच त्यांचा बंगला. आमचं सामान उतरत होतं तेव्हाच येऊन म्हणाले, "सर, काय अडचण आली तर सांगा. चिठ्ठी देतो."

"अडचण येऊ द्या, मग सांगतो," मी म्हटलं.

"आधीच घिऊन ठिवा की." पेठेतल्या माणसाला इतक्या अगत्याची सवय नसते. मी आत जाऊन खोके मोजू लागलो.

अण्णा राजकारणात आले ते गावचा विजेचा डीपी जळाला म्हणून. पिकं वाळायला लागली, तेव्हा भाकरी बांधून ते वीज मंडळाच्या कचेरीत जाऊन बसले आणि दोन दिवस हललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी टेम्पोत नवा डीपी घालून परतले, आणि गावाने त्यांना सरपंच करून टाकलं. पुढे जिल्हा परिषद. गाव महापालिकेत गेलं तसे नगरसेवक. शेवटी पाच वर्षं आमदार. पदं वाढत गेली, चिठ्ठीचा मजकूर मात्र तोच. जुनी लेटरहेडं वाया घालवणं जिवावर यायचं, म्हणून नगरसेवक झाल्यावरही वर्षभर 'सदस्य, जिल्हा परिषद' यावर रेघ मारून वर नवं पद लिहीत. पुढची निवडणूक हरल्यापासून 'आमदार'च्या आधी पेनाने 'माजी' लिहितात. ते इतकं बारीक असतं की वाचायला भिंग लागावं.

कंपन्या आल्या, आणि चिठ्ठ्या तिकडेही गेल्या. एकदा एका जागेसाठी दोन पोरांनी अण्णांची चिठ्ठी नेली. दोघंही निकटच्या परिचयाचे, दोघंही होतकरू. तिथल्या साहेबाने बिचाऱ्याने फोन करून विचारलं, यातला जास्त चांगला कोण? अण्णा म्हणाले, "दोघं बी चांगले हायेत. दोन जागा काढा." आणि खरंच दोघं लागले. या माणसाला नावं ठेवायची सोय नाही ती अशी.

त्यांना एकच माणूस आवरू शकायचं, ते म्हणजे त्यांची नात सायली. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला मुलाखती सुरू झाल्या तेव्हा तिने बजावलं, "अण्णा, चिठ्ठी द्यायची नाही. माझी शपथ आहे." अण्णांनी ती पाळली. दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायचे, पण पेन उघडलं नाही. पोरीने स्वतःच्या हिमतीवर बंगळूरची नोकरी मिळवली.

आणि गेल्या रविवारी सकाळी अण्णा माझ्याकडे एक कागद घेऊन आले. कंपनीला चारित्र्याचा दाखला हवा होता, तोही मंगळवारच्या आत. नाहीतर रुजू करून घेणार नव्हते. उमेदवाराला चांगलं ओळखणारा राजपत्रित अधिकारी हवा, आणि तो नातेवाईक नसावा.

"तुम्ही राजपत्रित ना, सर? आता तुम्हीच द्या चिठ्ठी," अण्णा खाली बसत म्हणाले. "साऱ्या तालुक्याला लिहून दिलं, ओळखतो म्हणून. निम्म्यांची नावं त्यांनाच विचारून घालत हुतो. आन घरच्या पोरीला माझी सही चालत न्हाई."

मी कागद पुढे ओढला. "मजकूर तरी मी सांगतो," ते म्हणाले. "लिवा. लहानपणी पाटात पडली, पण हातातली कैरी सोडली न्हाई."

"अण्णा, दाखल्यात हे घालत नाहीत."

"लिवा तर. दुसरीत बाईंनी मारलं, ते आठ दिवस कुणाला सांगितलं न्हाई. गाय विकली तवा दोन दिस जेवली न्हाई." असं करत ते सहावीपर्यंत आले आणि थांबले.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढं मी मुंबईला. आमदार हुतो न्हवं. हरून घरी आलो तवा ती कॉलेजात. दार लावून अभ्यास करायची."

ती मधली वर्षं सायली रोज संध्याकाळी माझ्याकडे गणिताला येत होती. मी आपलं सांगत सुटलो. भूमितीची तिला किती धास्ती होती ते सांगितलं. एका चाचणीत नापास झाली तेव्हा आमच्या गॅलरीत बसून तासभर रडली होती, तेही सांगितलं. दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आधी आमच्याकडेच आली. बंगल्यात कार्यकर्त्यांची इतकी गर्दी होती की आत जावंसं वाटलं नाही म्हणाली.

हे मी बोलायला नको होतं.

"मार्क कळले हुते मला," अण्णा म्हणाले. "कुणीतरी फोनवर सांगितलं. पेढा न्हाई मिळाला."

मला फार वाईट वाटलं. मी दोन ओळींचा दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला, पण उठेनात.

"सर," ते खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "नववीचं राहिलं. नववीत कशी हुती ती?"