गुरुजींना नाल ठोकली नव्हती

चांदपाशा नालबंदाने मला, म्हणजे चौसाळ्याच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकाला, नाल ठोकली, असे गावात छातीठोकपणे सांगितले जाते. हे धादांत असत्य आहे. मुळात नाल घोड्याला ठोकतात, बैलाला पत्री मारतात. अफवा पसरवणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांना एवढाही फरक कळू नये, याचे दुःख मला अधिक आहे.

चांदपाशा कोणाच्याही तोंडाकडे पाहत नाही. ऊसतोडीला निघालेल्या बैलांना पत्र्या मारण्यात जन्म गेल्यामुळे त्याची नजर गुडघ्याच्या वर चढत नाही, आणि पाय कोणाचाही असो, त्याच्या लेखी तो खुरच. "घरच्यांचे खुर बरे हायत ना?" ही त्याची विचारपूस. मते मागायला आलेल्या एका उमेदवाराने हात जोडले, तेव्हा हा म्हणाला, "सायब, डावा खुर आत पडतोय."

ग्रामपंचायतीच्या नूतन पायरीवर माझा पाय मुरगळला. सूज उतरली, पण पावलाची बाहेरची कड दीड महिना ठणकत राहिली. बीडच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड मोडलेले नाही असे सांगितले आणि 'वय झाले' असे निदान केले. त्यासाठी फोटोची आवश्यकता नव्हती.

चांदपाशाने मला रस्त्यात अडवले.

"गुरुजी, फोटू चांगला हाय, पर खुर वंगाळ हाय. फासा सरकलाय."

परळीला फिजिओथेरपिस्ट असलेल्या माझ्या पुतणीला मी फोन केला. तिने या दुखण्याला क्युबॉइड सिंड्रोम म्हटले. पावलाच्या बाहेरच्या कडेला सारीपाटाच्या फाशासारखे चौकोनी हाड असते. मुरगळताना ते किंचित हलते, फोटोत दिसत नाही. "दाबून बसवतात, काका. रविवारी येते."

मला रविवारपर्यंत धीर धरवला नाही. चांदपाशाच्या छपरामागे मी भिंत धरून उभा राहिलो. त्याने माझा गुडघा मागे वाकवला, दोन्ही अंगठे तळव्यावर रोवले आणि एक हिसका दिला. ही मुद्रा घोड्यासारखी दिसली असेल, हे मी मान्य करतो. कोणीतरी पाहिले, आणि अफवा जन्मली.

रविवारी पुतणीने तळव्याखाली फोमची छोटी गादी ठेवून पट्टी बांधली. "बसलंय की! कुणी बसवलं?"

"आपोआप," मी म्हणालो.

पारावर मात्र मी सारे श्रेय तिलाच दिले. मंडळींनी चांदपाशाला गाठले. तो म्हणाला, "गुरुजी माझ्याकडं आलेच न्हाईत बे. माझा धंदा बैलाचा." मी ते ऐकले आणि गप्प राहिलो. तेव्हा गावाच्या हकिकतीइतकीच माझीही हकिकत खोटी होती, हे येथे नमूद करतो.

त्यानंतर तो साऱ्या गावाच्या खुरांची चौकशी करी. माझ्या मात्र नाही. मी दिसलो की जमिनीकडे पाही.

गेल्या बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, मी चप्पल काढली आणि पाऊल त्याच्या ठोकळ्यावर ठेवले.

"चांदपाशा, तूच बसवलेला खुर आहे. जरा बघ."

कोणीतरी फिदीफिदी हसले. चांदपाशाने पाऊल हातात घेतले, कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"फासा जाग्यावर हाय, गुरुजी."

मग त्याने मान वर केली. त्याचे डोळे घारे आहेत, हे मला चाळीस वर्षांत प्रथमच कळले.