झुलाल आप्पांचं बारमाही ऊन

पौष महिन्यात, दात वाजवणाऱ्या थंडीत, मी उन्हाने पाठ भाजून घेतली. कोणी बळजबरी केली नव्हती. स्वतःच्या हाताने अंगाला खोबरेल चोळून, स्वतःच्या पायांनी शिडी चढून, मी धाब्याच्या घराच्या सपाट मातीच्या छपरावर उघड्या अंगाने पालथा पडलो होतो.

याला कारण एक चोपडं. धानोऱ्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा येताना नाशकात ते विकत घेतलं होतं. सूर्यस्नानाने माणूस निरोगी राहतो, असं त्यात छातीठोकपणे लिहिलं होतं. ते ‘सोसेल तितकाच वेळ’ करावं, असंही लिहिलं होतं. पण ते पुढच्या पानावर, आणि पान उलटण्याआधीच मला झोप लागली. जागा झालो तेव्हा ऊन कललं होतं आणि पाठ पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीच्या रंगाची झाली होती.

तिसऱ्या दिवशी पाठीचे पापुद्रे सुटू लागले. सदरा घालवेना, म्हणून शाळेला सुट्टी देऊन मी खाटेवर पालथा पडलो होतो. तेवढ्यात दारातून हाक आली, “मास्तर, शिजनात का कच्चाच शेतस?”

शेजारचे झुलाल आप्पा. म्हणजे ते आप्पाच, हे आवाजावरून ओळखायचं. एरवी दिसायची ती छत्री, तिच्यावर मांजरपाटाचा पांढरा अभ्रा शिवलेला. छत्रीखाली पागोटं, पागोट्यावरून हनुवटीखाली गुंडाळलेला ओला पंचा, नाकाच्या शेंड्यावर मुलतानी मातीचा लेप आणि हातांत कुठल्याशा साहेबाचे जुने पायमोजे, बोटांपुरती टोकं कापलेले. उघडे असायचे फक्त डोळे, आणि ते बहुधा हसत असायचे.

त्यांनी एक मोजा काढला, वाटीतला कोरफडीचा गर घेतला आणि माझ्या पाठीवर इतक्या हलक्या हाताने लावला की मला आईची आठवण झाली. तोंड मात्र चालू होतं.

“चैतनं ऊन दरोडेखोर. वरडीसन येस, मानूस दार लाई लेस. श्रावणनं ऊन चोर, ढगना आड दपेल ऱ्हास. पन हाई पौषनं ऊन म्हंजे गोडबोल्या पाव्हना. मांडीवर बठस आनि सालटं काढी लेस.”

“आप्पा, थंडीत ऊन अंगावर घ्यायचं नाही तर कधी घ्यायचं?”

“घेवानंच कसाले? ऊन मिरचीले द्या, कपाशीले द्या. मानूसनं त्यानामा काय काम?”

हा माणूस शेतकरी होता, हे लक्षात घ्या. मिरची आणि कापूस पिकवायचा, म्हणजे सारा जन्म उन्हात. पण आप्पा शेतातही छत्रीखालीच. औताला बांबू बांधून त्यावर छत्री उभी केलेली; बैल वळले की छत्री वळे, आणि वाऱ्याचा झोत आला की बैल, औत, छत्री आणि आप्पा असे चौघे मिळून शेजाऱ्याच्या तुरीत शिरत. आषाढात आभाळ भरून आलेलं असलं तरी नाकावरची माती सुटत नसे. त्यांच्या डाव्या दंडावर रुपयाएवढे पाच-सहा डाग होते. कशाचे म्हणून विचारलं, तर म्हणाले, “एक ताकनं, एक चंदननं, एक हयदनं. कोनतं काम करस ते दखी ऱ्हायंथू.” हळदीचा नाहीतर चंदनाचा लेप लावून उन्हात बसायचं आणि कातडी कुठे वाचते ते बघायचं, असा त्यांचा प्रयोग. कोणासाठी, हे विचारायचं मला सुचलं नाही. बी.ए.ला दोनदा नापास झालेल्या माणसाला सगळंच सुचत नाही.

पाठ बरी झाली आणि मी उपकाराची फेड केली. बाजारच्या दिवशी पारावर मंडळी जमली होती. मी एकाची छत्री घेतली, दुसऱ्याचा पंचा तोंडाला बांधला, नाकाला चुना फासला आणि आप्पांची हुबेहूब नक्कल केली. “ऊन मिरचीले द्या!” म्हणत पाराभोवती चालू लागलो, तेव्हा लोक पोट धरून हसले. मागे वळून पाहतो तर गर्दीच्या कडेला खुद्द आप्पा. सर्वांत मोठ्याने तेच हसत होते. पंचा सुटून गळ्यात आला होता.

“चाल बराबर शे,” ते म्हणाले. “छत्री थोडी वाकडी धरा. आनि सांजले घर या.”

शिव्या खायच्या तयारीने मी गेलो. आप्पांच्या घरात सहा महिन्यांत माझं पाऊल पडलं नव्हतं. ओसरीवर एक बाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. केस पिंजलेल्या कापसासारखे पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. वय मात्र तिशीच्या आतबाहेर. चेहरा गोरा नव्हे, त्यापलीकडचा, दुधावरच्या सायीसारखा, आणि गालांवर जुन्या फोडांच्या खुणा. दिवा लावल्याबरोबर त्यांनी डोळे बारीक केले.

“ही मन्ही घरवाली, आनसा,” आप्पा म्हणाले. “जलमपासून अशीच शे. घडीभर ऊन लागनं का फोड येतस.”

मी बसलो. एक मिरची उचलून देठ खुडू लागलो.

आनसावहिनींच्या धाकट्या भावाचं लग्न माघात होतं. त्याला त्यांनी कडेवर वाढवलेलं. त्याने निरोप पाठवला होता: करवली म्हणून बहीण शेजारी उभी राहिली तरच मी मांडवात जाईन. पण मुहूर्त दुपारचा, वरात गावभर फिरणारी, आणि वहिनी अकरा वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या.

“मी नई जास,” वहिनी मान खाली घालून म्हणाल्या. “धाकली बहीनना लगनमा काय व्हयनं, इसरी गयात का तुम्ही?”

धाकट्या बहिणीच्या लग्नात बायका त्यांना बघायला मांडवाबाहेर गोळा झाल्या होत्या. कोणी अपशकुन म्हटलं, कोणी पदर ओढून पाहिला. हळदीआधीच त्या आल्या गाडीने परतल्या. आणि दुसऱ्याच दिवशी आप्पांनी छत्रीला पांढरा अभ्रा शिवला.

“लोकेसले दखाले काई तरी लागस,” आप्पा मला म्हणाले. “मन्हाकडे दखतस, पोटभर हासतस, मंग तिन्हाकडे दखाले येळ नई ऱ्हास. आठे गावमा मी एकला पुरस. पन तठलं वऱ्हाड मोठं शे, मास्तर. दोन जन लागतीन.”

“मग मी काय करू?”

“आज पारवर जे करं, तेच. फक्त भर दुपारले.”

वहिनींनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, तुमनं हासं व्हई.”

“वहिनी,” मी म्हणालो, “ते माझं कोणी न सांगताच होतं. एकदा सांगून होऊ द्या.”

माघातल्या त्या दुपारी वहिनींच्या माहेरी, तापीकाठच्या गावात आमची गाडी शिरली. तिघांच्या हातांत पांढऱ्या छत्र्या, तिघांच्या तोंडाला पंचे, तिघांच्या नाकाला माती. आप्पा गाडीच्या डाव्या अंगाला, मी उजव्या. वरात निघाली तेव्हा आप्पा सरळ चालले. मी माझ्या अंगचं काही घालत तिरपा चाललो. एकदा छत्री उलटी झाली, ती मुद्दाम नव्हे. पोरं मागे लागली. सनईवाल्याला हसू आलं आणि सूर तुटला. बायका ओट्यांवरून पदर तोंडात धरून मलाच दाखवत होत्या. नवरदेवाच्या शेजारी, तिसऱ्या छत्रीखाली, कलश घेऊन कोणीतरी चाललं आहे याची कोणी दखलही घेतली नाही.

मांडवाच्या सावलीत वहिनींनी पंचा सोडला, नाकावरची माती पुसली आणि पांढऱ्या केसांवर पदर घेऊन भावाच्या मागे उभ्या राहिल्या. एक-दोन माना वळल्या. पण मी त्याच वेळी उघडी छत्री घेऊन मांडवात शिरत होतो आणि ती दारात अडकली होती, त्यामुळे माना परत फिरल्या. अक्षता पडल्या. भावाने मागे वळून बहिणीचा हात घट्ट धरला. आप्पा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी तोंडावरचा पंचा काढला नाही, पण तो डोळ्यांपर्यंत वर ओढला.

मग वहिनींची म्हातारी आई काठी टेकत आली. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गालांवरून, पापण्यांवरून बोटं फिरवली. शेवटी तिची नजर माझ्यावर आली: उलटी छत्री, नाकावर माती, हातांत पायमोजे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लेकीला विचारलं,

“जवाई मन्हा शाना शे, हाई मी पहिलेच सांगेल व्हतं. पन हाऊ येडा कोठून धरी आना वं?”