आधी छापलेली बातमी

माझे मामा पंचापकेश राव कुंभकोणमच्या तमिळ दैनिकाचे संपादक होते, आणि ते बातमी घडण्याआधीच छापत.

यात लबाडी नव्हती, मुलांनो. पितळी दिव्यांच्या दुकानामागच्या खोलीत, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मुरुगेसनला सोबत घेऊन मामांनी हा पेपर काढला. दोघेच, आणि एक म्हातारं यंत्र. बाहेरगावचे अंक नेणारी नाचियार्कोविलकडची बस पाचला सुटे, म्हणून पान दुपारीच छापावं लागे. संध्याकाळची बातमी उद्यावर टाकली, तर सकाळच्या रेल्वेनं मद्रासची वर्तमानपत्रं ती घेऊन येत. मामांना ते सहन होत नसे. ते दुपारीच लिहीत, ‘देवाचा रथ सुखरूप जागेवर पोहोचला,’ आणि मग छत्री घेऊन ते खरं करायला निघत.

एकदा रथाचं चाक रुतलं. लोक दोर टाकून सोडा प्यायला गेले. मामा एकेकाला दंडाला धरून दुकानातून बाहेर काढत होते.

“अरे, रथ केव्हाच पोहोचलाय. बाहेरगावी लोकांनी वाचलंसुद्धा. चला, ओढा.”

एकदा कुणा विद्वानाचं व्याख्यान होतं. मी भात उतरवत होते, तोच मामा दारात.

“कमळे, ऊठ. छापलेली ‘अलोट गर्दी’ कमी पडतेय.”

“किती कमी, मामा?”

“सगळीच. सासूबाईंनाही घे.”

गाव हसायचं. पण पेपरात आलं की लोक निर्धास्त असत. मामा आता ते घडवून आणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मुरुगेसनला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण त्यानं अन्नच टाकलं. खाल्लं नाही तर हा उठायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याच संध्याकाळी पेपरात आलं: ‘आमचे मुरुगेसन पूर्ण बरे झाले.’

मला रागच आला. थट्टा कुठे करावी याला काही सुमार असतो. कंजीचा, म्हणजे तांदळाच्या पेजेचा, डबा घेऊन मी तरातरा इस्पितळात गेले.

मामा माझ्या आधीच कंजी घेऊन त्याच्या खाटेवर बसले होते. मुरुगेसन भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“बस गेली, मुरुगेसा,” मामा तमिळमध्ये म्हणत होते. “आता माझ्या हातात काही नाही. एवढं तू कर.”

मुरुगेसन वळला. “मालक, घाई काय होती? उद्या छापलं असतं.”

“उद्याचं पान मी कुणाबरोबर लावू?”

मामांनी कंजीचा चमचा भरून पुढे केला. मुरुगेसननं त्यांचं मनगट धरलं, आणि चमचा स्वतःच्या तोंडाशी नेला.