टूलटिपने कोणाचे कपडे घालावेत?

कोणतीही गोष्ट जन्मतः उघडी असते आणि तिला आधी घरच्यांचेच कपडे मिळतात, हा सृष्टीचा नियम आहे. आलेख काढून देणाऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीने तो टूलटिपलाही लावला होता. टूलटिप म्हणजे आलेखातल्या ठिपक्यावर माउस नेला की आकडा सांगायला उगवणारी इवलीशी चौकट. तिला कोणी स्वतंत्र रंग दिला नाही, तर तिने अंगाचा रंग आलेखाकडून घ्यावा आणि अक्षरांचा वेबपानाकडून. (आईबाप दोघांचाही मान राहतो.)

या कंपनीत नव्याने लागलेल्या प्रोग्रामर मुलीला सगळे शंकेखोर म्हणत. तिच्याकडे एका डॉक्टरीणबाईंची तक्रार आली. त्यांच्या दवाखान्याचे वेबपान काळे, अक्षरे पांढरी. त्यावरचा तापाचा आलेख मात्र पांढरा. त्यामुळे टूलटिप पांढऱ्यावर पांढरी उगवत होती आणि रुग्णाला ताप किती, हे फक्त रुग्णालाच ठाऊक होते. बरे समजून घरी पाठवलेले एक आजोबा फणफणत परत आले होते.

शंकेखोरने सुचवले, टूलटिपला मुळातच पांढऱ्यावर काळी अक्षरे देऊ. दोन ओळींचे काम. त्यावर बैठक बसली. थोरले साहेब कळवळून म्हणाले, "अगं, आज टूलटिप वेगळी झाली, उद्या रेघा वेगळं बिऱ्हाड मागतील." मग पाहणी झाली. शंभरातल्या सत्त्याण्णव ग्राहकांनी रंगाला कधी हातच लावला नव्हता. सबब सत्त्याण्णव टक्के समाधानी. (उरलेल्या तिघांना रंग कुठे बदलतात ते सापडले होते.) अखेर उदार तोडगा निघाला: टूलटिपला स्वातंत्र्य द्यायचे, पण त्याचे बटण बंद ठेवून.

बटण बसवायचे काम शंकेखोरकडेच आले. तिने ते नीट बसवले आणि चालू ठेवून दिले. तिला हसू काही आवरेना.

कोणाच्याही लक्षात आले नाही. नव्या पाहणीत पुन्हा सत्त्याण्णव टक्के समाधानी निघाले आणि परंपरा टिकवल्याबद्दल साहेबांना बढती मिळाली. डॉक्टरीणबाईंचा तेवढा फोन आला. "आता दिसतंय हो," त्या म्हणाल्या, "मी तर दोनदा चष्मा बदलला." शंकेखोर फोन ठेवून टेबलाखाली शिरली आणि पोट धरून हसली.

सुज्ञ वाचकही त्या सत्त्याण्णव जणांना हसले असतील. हसावेच. फक्त आपल्या मोबाइलची रिंग दुकानातून आली तीच आहे का, ते एकदा पाहावे. डोक्यातली मते कोणी भरून दिली, हे चारचौघांत विचारणे बरे नव्हे.