हळदीचे मणी आणि मुगवड्या

"आई, माहे मणी कुठी गेले?"

"गच्चीवर. वाळत घातले."

निकिता दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. शेलूबाजारातल्या त्या घराच्या गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं होतं. त्यावर मुगवड्यांच्या रांगा होत्या आणि त्यांच्या शेजारी, तितक्याच शिस्तीत, तिचे पॉलिमर क्लेचे, तिच्या भाषेत मातीचे, पिवळे मणी. वाशिमच्या एका नवरीच्या हळदीच्या दागिन्यांसाठी तिने ते हाताने वळून, सुईने टोचून ठेवले होते. वड्या आणि मणी दोन्ही सारखेच ओबडधोबड दिसत होते. मण्यांचा ओबडधोबडपणा तिने मुद्दाम साधला होता, गिऱ्हाइकांना तसंच आवडायचं.

"आई, हे उन्हात वाळत नाई. ओव्हनमधीच भाजा लागते."

"माती हाय ना?"

"प्लास्टिक हाय."

"मंग माती कायले म्हणते तू?" प्रयागबाईंनी शांतपणे विचारलं. "या उन्हात माणूस वाळून जाते. मण्याची काय बिशाद?"

निकिता चिडली. ऊन लागलं की कच्चा मणी नुसता मऊ पडतो, धूळ धरतो, एकमेकांना चिकटतो, हे तिने जरा चढ्याच आवाजात सांगितलं. मणी स्टीलच्या डब्यात ठेव, थराथरात बटर पेपर घाल, असंही बजावलं आणि पाय आपटत खाली निघून गेली. मागून प्रयागबाई एकेका मण्यावर फुंकर घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत.

पुढचे दिवस घरात माणसंच माणसं होती. निकिता सगळ्यांना पाणी देत होती, अंथरुणं घालत होती. दागिने वेळेत होणार नाहीत, तेवढं तिने नवरीकडच्यांना कळवून टाकलं. रडली मात्र नाही. रिठदच्या साधनाकाकूंनी, म्हणजे प्रयागबाईंच्या धाकट्या जावेनं, हे लक्षात ठेवलं होतं आणि भेटायला येणाऱ्यांच्याही लक्षात आणून दिलं होतं.

तेरवीच्या दिवशी बाकीचा स्वयंपाक आचाऱ्याकडे होता, पण एक भाजी काकूंनी स्वतःकडे घेतली. "प्रयागबाईच्या हातच्या शेवटच्या वड्या हायेत. घरच्या पंगतीले त्याच वाढणार म्या." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मुगवड्यांचा तर्रीदार रस्सा उकळला आणि घरची माणसं पानावर बसली.

पहिल्या पाटावर मेडशीचे दौलतराव, प्रयागबाईंचे थोरले भाऊ. त्यांनी एक वडी तोंडात घातली आणि डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, बहिणीची आठवण आली. ते बराच वेळ चावत राहिले.

"मामा, कशी झाली?" काकूंनी विचारलं.

"बाईच्या हातची चवच येगळी," दौलतराव गालाच्या एका बाजूने बोलले.

त्यांच्या शेजारी बसलेल्या रंजीतामामी चावत चावत म्हणाल्या, "थोडी कडक हाय."

"जुन्या डाळीची असन," मामा म्हणाले. "खाय चुपचाप."

माणूस गेलेलं, त्याच्या हातचं शेवटचं, नावं कोण ठेवणार? सगळे मान खाली घालून रवंथ करत होते. शेवटी मामींनी एक वडी बोटांत धरून उजेडाकडे नेली.

"अव, याले तं भोक हाय."

"कीड लागली असन," काकू म्हणाल्या.

"कीड आरपार जाते का व? अन् सगळ्याइले मधोमधच?"

निकिता भाताचं भांडं घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली. "मामा, थुका. थुका ते."

दौलतरावांनी मान हलवली. "मेलेल्या बहिणीच्या हातचं थुकू? मले पाप लागन."

"मामा, ती वडी नाई. कच्चं प्लास्टिक हाय. नवरीचे मणी हायेत माहे."

मामांनी निमूटपणे तोंडातलं द्रोणात काढलं. मणी रश्श्यात उकळून रबरासारखा झाला होता, आणि मामांच्या दातांच्या खुणा सोडल्या तर त्याला काहीही झालं नव्हतं.

"किती गिळल्या?" निकिताने विचारलं.

"एकबी नाई. एवढा वेळ त्याच एकीवर चालू होतं."

मग पंगतभर सगळ्यांच्या तोंडातले मणी द्रोणांत पडले. काकूंनी कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "भोळी होती बिचारी. शेवटी शेवटी तं ध्यानच नव्हतं तिले. वड्या काय अन् मणी काय, सगळं एका डब्यात."

बायकांनी समजूतदार माना डोलावल्या. निकिताला आधी आईवरच राग आला. एक साधं काम सांगितलं होतं. आता सगळा गाव म्हणणार, प्रयागबाईला वडी आणि मणी ओळखता येत नव्हता.

"ध्यान नसलेल्या बाईनं गच्चीवर वड्या इतक्या शिस्तीत घातल्या असत्या का?" ती म्हणाली.

"मी का खोटं बोलून राह्यली?" काकूंचा आवाज चढला. "लहान्या डब्यातल्या तं तिनं मधे मधे कागद घालून ठेवल्या होत्या. वडीले कोणी कागद घालते का? मीच त्या कागदातून सोडवू सोडवू मोठ्या डब्यात टाकल्या."

पंगतीतल्या माना काकूंकडे वळल्या.

"तुमी टाकल्या?" निकिताने विचारलं. "काहून?"

"दोन डबे कायले अडवाचे म्हणून."

"मंग लहाना डबा कुठी हाय?"

काकूंनी भाजीच्या पातेल्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. निकिताचे वडील रामराव इतके दिवस कुणाशी फारसे बोलले नव्हते. ते पाटावरून म्हणाले, "काकूच्या थैलीत हाय. सकाळी दिसला मले. म्हटलं, राहू दे, आठवण हाय."

"आठवणच हाय," काकू म्हणाल्या. "झाकण घट्ट बसते त्याचं."

निकिताला खूप बोलायचं होतं. दर सणाला काकू आईला भोळी म्हणायच्या, सगळे हसायचे, आणि त्यांत तीही ओठ दाबून हसायची. आईनं केलेल्या कामात चूक असली की तिला लगेच दिसायची. चूक नसली की ती पुढच्या कामाला लागायची. आता काकूंना उभं-आडवं घ्यावं असं तिला वाटलं. सगळी पंगत त्याचीच वाट पाहत होती, मामांनी तर त्यासाठी हात धुवायचे थांबवले होते.

पण ती काकूंकडे वळलीच नाही. भाताचं भांडं खाली ठेवून ती भिंतीशी मांडलेल्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

"आई," ती सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाली, "बरोबर ठेवले होते तू."