थोडंच राहिलंय

जिमच्या दारावर ‘छताचं काम चालू, आठ दिवस बंद’ असा कागद चिकटवलेला पाहिला आणि दातांच्या डॉक्टरांचं तोंड सकाळी सहालाच उतरलं. गेले सहा महिने ते ट्रेडमिलवर रोज चार किलोमीटर पळत होते. एक दिवस चुकला नव्हता. ते तसेच घरी परतले.

बायको म्हणाली, "मग रस्त्यावर पळा. रस्ता काही बंद नाही."

"रस्त्यावर पळणं वेगळं असतं."

"असणारच. सहा महिने पळताय, पण अजून कुठं पोचला नाहीत. एकदा कुठंतरी जाऊन तरी या."

हे डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी लगेच जिमच्या ट्रेनरला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, "बाहेर वेगाचा आकडा समोर नसतो, डॉक्टर. नवा माणूस जोरात सुटतो आणि पाचव्या मिनिटाला मटकन बसतो. पुढं पळणारा कुणीतरी धरा. त्याच्याच वेगानं पळा. काही झालं तरी त्याला सोडू नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर पडले आणि अर्थातच जोरात सुटले. ट्रेडमिलवर पट्टा आपणहून मागे जातो, इथं रस्ता जागचा हलेना. शिवाय त्याला चढ होता. त्या चढावरून डॉक्टर गेली अकरा वर्षं स्कूटरनं जात होते, पण तो चढ आहे हे त्यांना आज कळलं. चौथ्या मिनिटाला छातीचा भाता झाला. घामानं चष्मा नाकावरून घसरू लागला, तो त्यांनी खिशात टाकला. चष्म्याविना पाच फुटांपलीकडचं जग त्यांना पाण्यात पडलेल्या चित्रासारखं दिसे. त्या चित्रात पुढं एक पांढरा सदरा हलत होता. डॉक्टरांनी तो धरला.

तो सदरा होता शाळेच्या हेडमास्तरांचा. ते दूध घेऊन घरी निघाले होते आणि मुळीच पळत नव्हते. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या दाढेचं रूट कॅनाल डॉक्टरांनी अर्धं केलं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी दवाखान्यातून दर आठवड्याला फोन जाई आणि हेडमास्तर दर वेळी सांगत, "मी मुलीकडे आलोय, परगावी. बाळंतपण आहे." ज्या शाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतः ‘नेहमी खरे बोलावे’ असं रंगवून घेतलं होतं, त्या शाळेपासून हा रस्ता दोन वळणांवर होता.

मागून धापा ऐकू आल्या म्हणून हेडमास्तरांनी वळून पाहिलं. लाल चेहऱ्याचे, दात विचकलेले डॉक्टर थेट त्यांच्यावर चालून येत होते. हेडमास्तर पळू लागले.

पुढच्या माणसानं वेग घेतला हे पाहून डॉक्टरांना हुरूप आला. त्यांनीही वेग वाढवला.

"सर, जरा हळू," त्यांनी हाक मारली. अनोळखी माणसाला सर म्हणण्याची त्यांना सवय होती. "बरोबरच करू की."

"पुढच्या आठवड्यात," हेडमास्तर न थांबता ओरडले. "पुढच्या आठवड्यात नक्की येतो."

"पुढच्या आठवड्यात कशाला? आज सुरू झालंय तर आजच पुरं करू. थोडंच राहिलंय."

हेडमास्तरांच्या हातून दुधाची पिशवी निसटली. डॉक्टर ती ओलांडून गेले. केवढी ही जिद्द, दुधाकडेसुद्धा वळून बघत नाही, असं त्यांना वाटलं. कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला दुकान उघडत होता. त्याचीही एक कवळी मापं देऊन पाच महिने दवाखान्यात पडून होती. धावणारे हेडमास्तर आणि त्यांच्यामागे डॉक्टर पाहून त्यानं अर्धं वर गेलेलं शटर आतून खाली ओढलं.

हेडमास्तरांना शाळेचं फाटक दिसलं आणि ते आत शिरले. डॉक्टरही शिरले. मैदानाला फाटक एकच आणि त्या बाजूला डॉक्टर, तेव्हा हेडमास्तर मैदानाला फेरी मारू लागले. तिथं ऐंशी मुलं कवायतीसाठी ओळीनं उभी होती. पीटीच्या सरांनी हे दृश्य पाहिलं. कालच हेडमास्तरांनी त्यांना ‘मुलांत चैतन्य नाही’ म्हणून झापलं होतं. हा त्याचाच दुसरा भाग आहे, असं समजून त्यांनी शिट्टी फुंकली.

"सर स्वतः या वयात पळतायत आणि तुम्ही बघत उभे? चला, मागे पळा सगळे."

ऐंशी मुलं निघाली. डॉक्टर मध्ये सापडले. थांबावं तर तुडवले जाणार, म्हणून तेही पळत राहिले. तिसऱ्या फेरीत त्यांनी पुन्हा एकदा त्या सदऱ्याला धीर दिला, "सोडू नका, सर. अर्धवट सोडलं की जास्त दुखतं."

या वाक्यानं हेडमास्तर खचले. झेंड्याच्या चौथऱ्यावर त्यांनी बसकण मारली, डोळे मिटले आणि आ वासला.

"घ्या," ते म्हणाले. "काय करायचं ते इथंच करून टाका."

डॉक्टर वाकले. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि सवयीनं आधी तोंडात पाहिलं. खालची डावी बाजू, मागून दुसरी दाढ, वर तात्पुरतं सिमेंट. अशी दाढ त्यांनी हजारांत ओळखली असती. मग त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं.

"अहो सर, तुम्ही? तुम्ही तर मुलीकडे गेला होतात ना, बाळंतपणाला?"

मुलं गोल करून उभी होती. त्यांच्या धापासुद्धा थांबल्या.

"आज पहाटेच आलो," हेडमास्तर म्हणाले.

"काल तर आपण मला…" पीटीचे सर बोलू लागले आणि त्यांनी शिट्टी तोंडात धरली.

हेडमास्तरांनी मुलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी खोटं बोललो. मला सुईची भीती वाटते. जा आता वर्गात."

कुणीही हसलं नाही. उलट पहिल्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "मलापण वाटते, सर."

अकरा वाजता हेडमास्तर आपणहून दवाखान्यात आले. त्यांच्यामागून लॉन्ड्रीवाला आला. दुपारपर्यंत बाकांवर जागा उरली नाही. हिरड्या, अक्कलदाढा, तारा, वर्षभर तोंड न दाखवलेली माणसं सगळी एकदम उगवली होती. ‘फोन उचलला नाही की डॉक्टर आता घरापासून पळवत नेतात’ ही बातमी गावभर झाली होती. डॉक्टर प्रत्येकाला समजावत होते की हा व्यायाम होता. लोक समजूतदारपणे मान हलवत आणि आ करत.

संध्याकाळी डॉक्टर पोटऱ्या चोळत खुर्चीत पडले, तेव्हा रिसेप्शनवरच्या बाई वही घेऊन आत आल्या.

"उद्या बाजाराच्या बाजूनं पळा," त्या म्हणाल्या. "तिकडचे नऊजण राहिलेत."

"अहो बाई, मी तब्येतीसाठी पळतो."

"पळा की. मी कुठं नको म्हणतेय?" बाईंनी वहीत एका नावाखाली रेघ मारली. "फक्त यातले एक सायकलवर असतात. तेवढा वेग वाढवावा लागेल."