शेंदराखालचं नाव

खोली बघायला गेलो तेव्हा बिराजदार सरांनी मला नाव विचारलं नाही. मला खिडकीत उभं केलं, स्वतः गल्लीच्या तोंडाशी गेले आणि तिथून ओरडले, "मी वैरी हाय! दिसून राहिलो का?"

"हाव सर."

"मग मेलास! तुला मी दिसतो म्हंजे मला बी तू दिसतोस. पलंग कोपऱ्यात टाक."

अशी मला नांदेडात खोली मिळाली. मी देवणीहून आलेला, सातवीतून शाळा सुटलेला वेल्डर, इथं कुणाची ओळख ना पाळख. बाकी सगळ्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. म्हणून सरांबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

सर मराठवाड्यातल्या लढायांचे इतिहासकार. मोर्चे कुठून लागले, फितूर कोण झालं, हे त्यांना घरच्या भांडणासारखं ठाऊक. आणि राग पण तसाच, घरच्यासारखा. "दरवाजा उघडला हरामखोरानं!" असं ते केव्हाच मेलेल्या किल्लेदाराला दात घासताना सुनावतात. समोरच्या काकू दचकून आपलं दार लावून घेतात.

सभेत पाहुण्यानं भाषण ठोकलं की सर मधेच उभे. "कोन म्हनलं? कशावरून?" मग दोघं जण धरून त्यांना बाहेर नेतात. आता तर कुणी बोलावतच नाही. शिकवायचे त्या कॉलेजनं रिटायर होताना निरोपाचा हारसुद्धा घातला नाही. जवळ जायची भीती वाटली म्हणे. भीती! या माणसानं आख्खी नोकरी उन्हात किल्ले तुडवत घालवली, अन् यांना एक हार घालवेना!

अहमदपूरकडच्या एका गढीवर जुनी तोफ आहे. लोक तिला देवी मानून शेंदूर लावतात. ती कुणी ओतली यावर भाषणं होतात, अन् जो तो पुढारी आपल्याच माणसाचं नाव घेतो. सर म्हणायचे, ओतणाऱ्याचं नाव शेंदराखाली कोरलंय, ते वाचलं की माझं पुस्तक पुरं. कचेरीत खेटे घालून घालून शेवटी त्यांना साफसफाईची परवानगी मिळाली, ती पण एकाच दिवसाची. मी मोटारसायकलवर घेऊन गेलो. गाववाले मारतील का, ही धाकधूक मला वाटभर.

बांबूची पट्टी, गोडं तेल, मऊ फडकं. दुपारपर्यंत चार अक्षरं निघाली. सर एकेक अक्षर बोटानं गिरवून बघत होते. तेवढ्यात एक बाई वाटीत शेंदूर कालवून आली.

"ए बाई! हात लावायचा न्हाई! देवी न्हाई ही. माणसं मारायचं यंत्र हाय!"

बाई हलली नाही. "म्हनून तर आले. लेकरू फौजेत हाय माजं, तिकडं बर्फात. लई दिस झाले, फोन न्हाई." मग सरांकडं निरखून बघत म्हणाली, "तुमी लढायांचं शिकलेले दिसता. सांगा की, काय झालं असंल?"

सरांनी तोंड उघडलं. मी मान खाली घातली. आता हे हिलाही पुरावा मागणार.

"बर्फात फोन लागत नसतो, माय," सर म्हणाले. "पोरगं बरं हाय."

"खरं?"

"मी सांगून राहिलो ना."

आणि ते बाजूला सरकले. "लाव."

बाईनं नेमका त्या चार अक्षरांवरच शेंदूर थापला. सर बघत राहिले.

परतीला त्यांनी मागं बसून कचेरीला, पुढाऱ्यांना, माझ्या गिअर टाकण्याला मनसोक्त शिव्या दिल्या. अहमदपूरच्या स्टँडजवळ एकदम खांद्यावर थाप बसली. "थांब. तुझी माय फोन करती का रे?"

"करती सर. पर कामात असलं की मी उचलत न्हाई."

"गाढवा! आत्ता लाव! माझ्यासमोर!"

लावला. आई पलीकडून बोलायला लागली. सर पाठ करून उभे राहिले, आपल्याला काही ऐकायचंच नाही असं दाखवत. पण लांब गेले नाहीत.